तपेल्याला लागलेला हात

सेवेसाठी परदेशी निघालेल्या मुलांपुढे बोलायला मला दरवर्षी बोलावतात. विशीत ब्रह्मदेशातल्या भूकंपग्रस्तांमध्ये तीन महिने राहून आलेला माणूस म्हणून. "तिथं मी मोठा झालो," हे माझं ठरलेलं वाक्य. ते खोटं नाही. पण त्यापुढचं मी कधीच बोललो नाही, ते आता लिहितो.

एकोणीसशे तीस साल सरत आलं होतं. रंगूनच्या वरच्या अंगाची गावं कोसळल्याची बातमी आली आणि आमच्या नाशिककडून सहाजणांचं पथक निघालं. माझे वडील रामकुंडावरचे तीर्थोपाध्याय. त्यांनी मला अडवलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं. एवढंच म्हणाले, "समुद्र ओलांडल्याचं प्रायश्चित्त घेता येईल. पण खायचं ते स्वतःच्या हातचं." आईनं पितळेचं तपेलं आणि डबाभर मेतकूट बांधून दिलं.

पथकात मालेगावचा एक मुसलमान विणकर होता. आम्हां सगळ्यांपेक्षा वयानं मोठा, म्हणून त्याला चाचा म्हणत. पथकाचा स्वयंपाक त्याच्याकडे. मी मात्र वेगळा. छावणीच्या कडेला तीन विटा मांडायच्या, ओला पंचा नेसायचा आणि मूठभर भात शिजवायचा. त्या विटा कुणाच्या तरी पडलेल्या घराच्या होत्या, हे माझ्या ध्यानातही येत नव्हतं. गावातली माणसं उभी राहून बघत. चाचा लांबून ओरडायचा, "भटजी, भात लागला! रंगूनपर्यंत वास गेला!"

तिसऱ्या आठवड्यात मला हिवतापानं गाठलं. किती दिवस पडून होतो ते सांगता येत नाही. शुद्ध आली तेव्हा चाचा उशाशी बसला होता. हातात माझंच तपेलं, त्यात पेजेसारखा मऊ भात, वर मेतकूट. मी तोंड फिरवलं.

"तपेलं तुमचं, मेतकूट तुमच्या अम्मीचं," तो म्हणाला. "हात तेवढा माझा. तो नको असेल तर डोळे मिटून घ्या."

मी डोळे मिटले नाहीत. खाल्लं. आणखी मागितलं.

त्या दिवसापासून तीन विटांची चूल संपली. मी पंगतीत बसू लागलो, आणि नवल म्हणजे कामातही तेव्हाच खरा उतरलो. तोवर मी फक्त औषधाच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होतो. आता जखमा धुवायला लागलो, चरही खणले. एक म्हातारी होती, घरात एकटीच उरलेली. तिचा पाय मी रोज धुवायचो. एकदा तिनं उकडलेलं केळं माझ्या हातावर ठेवलं आणि मी खातो की नाही ते बघत बसली. मी खाल्लं. पहिल्यांदाच हसली ती.

तिथं मी मोठा झालो, तो असा. नाशिक रोडला उतरलो, फलाटावर वडील दिसले, आणि पुन्हा लहान झालो.

"स्वतःच्या हातचंच ना?"

"हो."

रामकुंडावर क्षौर झालं, पंचगव्य घेतलं. प्रायश्चित्त समुद्राचं झालं; दुसरं काही मी सांगितलंच नव्हतं. धाकट्या बहिणीचं त्र्यंबकच्या एका घरात जमत आलं होतं. माणसं भली, पण सोवळ्यात फार कडक. भाऊ परमुलखात कुणाच्याही हातचं जेवून आला असं कळतं, तर ते उठून गेले असते.

होणारे व्याही याद्या करायला आले, त्याच दिवशी चाचा आमच्या दारात उभा राहिला. बाजाराला लुगडी घेऊन आला होता. काखेतल्या फडक्यातून त्यानं माझं तपेलं काढलं, लख्ख घासलेलं. "भटजी, तुमचं तपेलं राहिलं होतं."

व्याह्यांची नजर त्यावर गेली. "हे यांचं रांधायचं तपेलं ना? मग तुमच्याकडे कसं?"

दाराआड बहिणीच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. खरं तर उत्तर मी द्यायचं होतं. मी जाजमाची किनार बोटानं सारखी करत राहिलो.

चाचानं माझ्याकडे एकदा पाहिलं. "बांधाबांधीत आमच्या गाठोड्यात आलं, महाराज."

"यात कधी तुम्ही...?"

"तोबा! आम्हांला चुलीजवळ फिरकू देत नव्हते हे. बीमार पडले तरी नाही. लय कडक माणूस." आणि हसला.

कच्च्या रंगाचं लुगडं विकताना "बाई, हा रंग जाणार" असं आधीच सांगणारा तो माणूस. तपेलं खालच्या पायरीवर ठेवून गेला. पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही. मीही नाही. आईनं शुद्धीसाठी ते निखाऱ्यांवर धरलं. कल्हई वितळून गेली, तपेलं माळ्यावर गेलं.

लग्न झालं. बहीण सुखात नांदली. चाचा पुढे कितीतरी वर्षं बाजाराला येत होता. मी एकटा असलो की हात कपाळाशी नेऊन सलाम करायचा. सोबत कुणी असलं की लुगड्यांच्या घड्या घालत बसायचा, जणू मला ओळखतच नाही. ते मला शिव्यांपेक्षा जड जायचं. मग मी त्या बाजूनं जाणंच सोडलं.

वडील गेल्यावरही धीर व्हायला फार वर्षं लागली. मागच्या मार्गशीर्षात बहिणीला सगळं सांगितलं.

"दादा, तेव्हा मला विचारायचंस तरी," ती म्हणाली. "ते खोटं माझ्या नावावर खपवलंस होय?" मग आत गेली आणि एक पुडा घेऊन आली. "मेतकूट आहे. माझ्या हातचं. त्या चाचांना दे."

मी तपेल्याला कल्हई करून घेतली आणि मालेगाव गाठलं. चाचा आता थकला आहे. पलीकडच्या खोलीत मुलाचा माग चालू होता, त्याच्या खटखटीत मला मोठ्यानं बोलावं लागलं. "चाचा, त्या दिवशी मी खोटं बोललो."

"तुम्ही कुठे बोललात, भटजी? बोललो मी. तुम्ही तर गप्प होता."

मी पिशवीतून तपेलं बाहेर काढलं. म्हटलं, "आज तुम्हांला भात करून घालतो. चालेल?"

"माझ्या चुलीवर?"

"तुमच्याच."

त्याच्या सुनेनं तांदूळ धुऊन दिले. मी चुलीपुढे बसलो. माग केव्हा थांबला ते कळलं नाही. मुलगा आणि नातवंडं दारात उभी राहून बघत होती, तेव्हाच्या त्या गावासारखी. एका थाळीत मऊ भात घेतला, वर मेतकूट घातलं. त्या थाळीतला घास आधी मी घेतला, सगळ्यांसमोर. मग त्यानं.

चावता चावता चाचा थांबला. "लागलाय खालून," तो म्हणाला. "इतक्या वर्षांत सुधारला नाहीत." आणि थाळी पुढे सरकवली. "वाढा."