लाल जॉब

अंबडच्या कारखान्यात लागेपर्यंत मला ‘जॉब’ म्हणजे नोकरी एवढंच ठाऊक. तिथे लेथ मशीनवर कापायला चढवलेल्या लोखंडाच्या तुकड्यालाही जॉब म्हणत. इंग्रजी शब्दकोश म्हणतो, शब्दाचं मूळ नक्की नाही, पण पूर्वी अर्थ बहुधा तुकडा असाच होता. मूळ गेलं खड्ड्यात! मला एकच जॉब आठवतो.

तो मी जास्त कापून बसलो. बिघडलेला जॉब लाल रंगवून दिवसभर ज्याच्या त्याच्या मशीनवर ठेवायची तिथली रीत. घाबरून मी तो शेजारच्या मशीनवरच्या काकांच्या ट्रेमध्ये सरकवला. तपासणीत साहेबांना तो सापडला. काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लाल रंगाचा ब्रश हातात घेतला.

दुपारी त्यांनी नेहमीसारखी अर्धी भाकरी माझ्यापुढे ठेवली.