जखम पोटाला, शर्ट शाबूत

नोकरीत मी रक्ताळलेले इतके कपडे पंचनाम्यात घेतले की वाळत घालायला निपाणी ते बेळगाव दोरी बांधली असती तरी पुरली नसती. पण त्यातला एक चौकड्यांचा शर्ट अजून माझ्या डोळ्यांसमोर लटकतो.

तेव्हा मी निपाणी भागातल्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. सकाळची हजेरी चालू असताना सरकारी दवाखान्यातून मेमो आला: पोटावर धारदार शस्त्राचे वार, जखमी शुद्धीवर. जाऊन जबाब घेतला. जखमी तंबाखूचा शेतकरी. बांधावरून जुना वाद. म्हणाला, "चुलतभावानं विळा घातला साहेब. जीवच घेणार हुता!"

चुलतभावाला आणून ठाण्यात बसवलं. गडी असा थरथरत होता की वरची कौलं वाजायला लागली. लेकीचं लग्न तोंडावर आलेलं. खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागलं की बाप आत आणि वरपक्ष परत, हे त्यालाही कळत होतं. "मी घरातनं भाईर पडलोच न्हाय साहेब," एवढंच म्हणायचा. साक्षीला कोण? बायको आणि म्हैस.

दुपारी दवाखान्यातून सिस्टरचा फोन. "सर, पेशंटचा मेहुणा शर्ट मागतोय. धुऊन आणतो म्हणतोय. मी दिलेला नाही. तुम्ही या."

गेलो. सिस्टरनी शर्ट कुलपाच्या खोलीत, सावलीत, खाली कागद अंथरून वाळत टाकला होता. ओला कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबला की कुजतो आणि पुरावा जातो. आमच्यातले कित्येक बहाद्दर हीच चूक निवृत्तीपर्यंत इमानेइतबारे करतात.

"यात काय विशेष?" मी विचारलं.

"कपडे कापायची वेळ आली की वाराचं भोक सोडून बाजूनं कात्री लावतो आम्ही," सिस्टर म्हणाल्या. "म्हणून आधी भोक शोधलं. सापडेना. वर हाच ओरडतोय, 'सिस्टर, कापू नका, बटनं काढा!' पोटातनं रक्त येतंय आणि याला शर्टाची काळजी."

डॉक्टरबाई कन्नड मुलखातल्या, मराठी मोजून बोलणाऱ्या. त्यांनी जखमेचा दाखला पुढे केला. वार तीन, उथळ, एका रेषेत आखल्यासारखे, स्वतःचा हात पोचेल अशा जागी. शर्ट अखंड, डाग आतल्या बाजूनं.

"म्हणजे यानं स्वतःच...?"

"मला दिसलं ते मी लिहिलं. कोणी केलं, ते तुम्ही शोधा, सर."

मी खाटेजवळ स्टूल ओढलं.

"काय रं आप्पा, कापड कुठनं घेतलंस?"

"बेळगावातनं. का वो साहेब?"

"न्हाय, विळा कापडातनं पोटात गेला आन् कापडाला खरचटलं सुदिक न्हाय! असलं कापड लष्कराला कळवाय पायजे. सीमेवरच्या जवानांना शिवून घालू."

खाटेखालचं मांजरही बाहेर येऊन त्याच्याकडं बघायला लागलं. मेहुणा दाराकडं सरकला. त्याला माझ्या हवालदारानं खांद्यावर हात टाकून प्रेमानं थांबवलं.

"आता सांग. शर्ट वर कुणी धरला हुता? चुलतभावानं का तू?"

त्यानं चादर हनुवटीपर्यंत ओढली. मग पुटपुटला, "नवा हुता साहेब. लग्नात घालायसाठी शिवलेला. फाटला असता न्हवं."

ज्या लग्नातल्या नवरीचा बाप आत घालायचा, त्याच लग्नासाठी शर्ट! एवढी तयारी मी आयुष्यात कुणाची बघितली नाही.

पोलिसासमोरची कबुली कोर्टात टिकत नाही. टिकणार होता तो शर्ट, दाखला आणि त्या दोघींचा जबाब. पंचांसमोर शर्ट कागदात गुंडाळून सील केला, सिस्टरची सही घेतली, तपासणीला पाठवला. खोट्या फिर्यादीची कारवाई सुरू केली आणि चुलतभावाला संध्याकाळी घरी सोडलं.

दुसऱ्या दिवशी मी दोघींचे जबाब नोंदवत होतो, तोवर चुलतभाऊ पत्रिका घेऊन दवाखान्यात हजर. "डॉक्टरबाई, सिस्टर, साहेब, तुमी आल्याबिगर अक्षता पडायच्या न्हाईत!"

डॉक्टरबाई हात जोडून म्हणाल्या, "काका, कोर्टात माझी साक्ष व्हायची आहे. तुमच्याकडे जेवले, तर वकील आधी तेच विचारणार."

त्याचा चेहरा पडला. पण मला त्या घडीला कळलं ते पोलीस ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलं नव्हतं. पुरावा कुलपात ठेवून भागत नाही. तो सांभाळणाऱ्या माणसालाही कोरडं राहावं लागतं. म्हणून लग्नाला मीही गेलो नाही. बुंदीचा वास ठाण्यापर्यंत येत होता. खिडक्या लावून घेतल्या.