मामाने न घेतलेली होडी

मामीचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, ऑफिसच्या कँटीनमध्ये होते. "मामा गेले गं," एवढंच बोलली ती. तीन आठवडे झाले. दिवसांना नाशिकला जाऊन आले, सगळ्यांना त्याचे किस्से सांगितले, एक सोडून. तो आता लिहूनच टाकते, नाहीतर परत राहील.

मामा अंबडला कारखान्यात फिटर, राहायला इंदिरानगरला. पण लहानपण हर्णैचं, बंदराला लागून घर. "सगळ्या गावाने आमचं घर समुद्रातून बघितलंय, मीच नाही," म्हणायचा. आजोबांनी त्याला कधी होडीत पाऊल टाकू दिलं नव्हतं. मग चाळिशीनंतर त्याच्या डोक्यात कयाक शिरली, म्हणजे एकट्याने वल्हवायची निमुळती होडी. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला सावंत म्हणून एक काका आपला कॅम्प बंद करत होते, त्यांच्याकडे दोन जुन्या होत्या. एक लांबलचक, समुद्रातली. दुसरी बुटकी, प्लास्टिकची.

मी तेव्हा बारावीच्या सुट्टीत. कॉलेजच्या शिबिरात चार दिवस बुटकी कयाक चालवलेली, त्यामुळे घरातली एक्स्पर्ट मीच. मामा स्कूटरवर बसवून घेऊन गेला. "तू चालवून बघ, तू म्हणशील ती घेऊ."

लांब होडी सुसाट सुटली, पण वळेचना. एकाच बाजूने वल्हं मारून मारून खांदे गळाले. काठावर येऊन मी निकाल दिला, "हिचं बूड वाकडं आहे."

सावंतकाका शांतपणे म्हणाले, "ताई, समुद्रात सरळ जाणं हेच तिचं काम. वळायचं तर कमरेतून जरा कलती करायची."

"विकायचीये म्हणून काहीही सांगा, काका."

मामा हसला. पण त्याचा हात त्या होडीवरच होता. "एकदा मी बसू का?"

"चल ना मामा, ऊन लागतंय."

तो बसला नाही... बुटकी घेतली.

थंडीत आम्ही ती टेम्पोतून हर्णैला नेली. प्रत्येक लाटेला ती तोंड फिरवायची, मामा जीव तोडून वल्हवायचा आणि ती गोल गोल. घर दिसेल इतक्या लांब जाताच येईना. तासाभराने भिजून परत आला. "वारा होता गं," म्हणाला, बस. पुन्हा नेली नाही.

दोनेक वर्षांनी एका सायबर कॅफेत सहज शोधलं, तर सावंतकाकांचं सगळंच खरं निघालं. वाटलं, फोन नको, भेटल्यावर सांगू. मग भेटले, कितीदा तरी भेटले, आणि दरवेळी माझ्या नोकरीचंच सांगत बसले...

दिवसांना गेले तेव्हा पार्किंगमध्ये ती बुटकी दिसली. भिंतीवर एक टोक लोखंडी ब्रॅकेटमध्ये, दुसरं नायलॉनच्या दोरीने बांधलेलं. दुसरा ब्रॅकेट बराच पुढे, रिकामा.

मामी म्हणाली, "अगं, होडी आणायच्या आदल्या रविवारी ठोकले ते. त्याआधी एकटेच धरणावर जाऊन लांबी मोजून आले, घरी मला टेप धरायला लावली. मग आली ही एवढीशी, पोचेचना. मी विचारलं तर म्हणाले, पोरीला त्यातलं कळतं."

त्या रिकाम्या ब्रॅकेटला मामीची छत्री अडकवलेली होती. ती काढून मी तो दोन्ही हातांनी ओढून बघितला. जराही हलला नाही.