काठावर अंगठा फिरवणारा माणूस

ताट पुढ्यात ठेवलं की तो लगेच जेवायला लागायचा नाही. ताट उचलायचा, उजव्या हाताचा अंगठा त्याच्या काठावरून गोल फिरवायचा, फेरी पुरी झाली की मान डोलवायचा आणि म्हणायचा, "पास हाय आक्का. वाढा."

पहिल्या दिवशी मला रागच आला होता. कारेगावात खानावळ घालून मला तेव्हा बरीच वर्षं झाली होती, ताटाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. मी म्हटलं, "भाऊ, आमची भांडी स्वच्छ असतात." तर हा एवढा बाप्या माणूस कानापर्यंत लाजला. "स्वच्छ हायतच की. मी बर बघतो. हाताला सवय लागलीय, ऐकत न्हाई."

आता तुम्ही विचाराल, बर म्हणजे काय? पत्रा कापला की कडेला केसाएवढी धार उभी राहते, तिला कारखान्यात बर म्हणतात. ती राहिली तर अख्खा माल परत येतो. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर गाड्यांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी होती, तिथं हा माणूस दिवसभर ती धार शोधायचा. डोळ्याला दिसत नाही ते त्याच्या अंगठ्याला दिसायचं. माझ्या खिडकीचे गज, पिंपाचं झाकण, शेगडीची कड, सगळं त्यानं तपासलं होतं. एकदा मी नवं कोरं पातेलं आणलं तर ते नापास केलं आणि दुसऱ्या दिवशी खिशातून कानस आणून घासूनही दिलं. वर म्हणतो, "कंपनीत रिजेक्ट मारला असता, तुमचं म्हणून रीवर्क केला."

आणि गंमत बघा, ह्याच अंगठ्याला कंपनीचं हजेरीचं यंत्र ओळखायचं नाही. पत्र्यावर घासून घासून त्याच्यावरच्या रेघाच गेल्या होत्या. पोरं हसायची, "चाचा, मशीन म्हणतंय तुम्ही आलाच न्हाईत." हा म्हणायचा, "मग काम कोण करतंय, भूत?" शेवटी वॉचमन वहीत नाव लिहून घ्यायचा.

पोरं त्याला चाचा म्हणत, मी भाऊ. मूळचा दौंडचा, वडील रेल्वेत होते. बायकामुलं तिकडं आणि हा कारेगावात एका खोलीत. सुट्टीला घरी जायचा. कामावरच्या पोरांत आणि त्याच्यात एक रीत पडून गेली होती. ईदेला ह्याची पाळी पोरांनी करायची, दिवाळी-दसऱ्याला पोरांची पाळी ह्यानं करायची. "तुमचा सण, माझी ड्युटी," एवढंच म्हणायचा, उपकार म्हणून कुणाला जाणवू द्यायचा नाही. खंडेनवमीला मात्र त्याच्या प्रेस मशीनला झेंडूचा हार तोच घालायचा, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "वर्षभर माझी बोटं खायला टपलेली असती ती. एक दिवस तिला खूश ठेवावं लागतं."

मग कंपनी बुडाली. आधी पगार पुढं ढकलले गेले, मग एक दिवस गेटला कागद लागला. दिवाळखोरी हा शब्द मी तोवर पेपरातच वाचला होता. कोर्टातून नेमलेले साहेब आले, कुलूप घातलं गेलं, आणि पोरांनी पुढच्या गेटसमोर निळ्या ताडपत्रीचा मांडव घालून बसायला सुरुवात केली. दिवसा-रात्रीच्या पाळ्या लावल्या. कंपनी बंद, पण राखणीची ड्युटी चालू.

मी म्हटलं, "भाऊ, बंद कंपनीची कसली राखण करता?"

"आक्का, तुमच्याकडं मोदकाचा साचा हाय ना? साचा कुणी नेला, तर नुसतं पीठ घेऊन काय करणार? तसं डायचं हाय." डाय म्हणजे तो भला मोठा लोखंडी साचा, त्यात पत्रा दाबला की भाग तयार होतो. "मशीन कुठंबी मिळतं. डाय आत हायत तवर कंपनी जिवंत हाय. कुणी घेणारा येईल, न्हाईतर ज्यांच्या डाय हायत ते गाड्या बनवणारे तरी आमच्याशी बोलायला येतील. डाय त्यांच्याच हायत, आम्ही कुठं न्हाई म्हणतो? पर आमच्याशी बोलून न्या. डाय गेल्या की आम्हाला कोण इचारतंय!"

हे सगळं मला त्यानं असं समजावून सांगितलं होतं. म्हणजे मला कळत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

दसऱ्याच्या दोनतीन दिवस आधी कंपनीच्या ऑफिसातले एक साहेब खानावळीत आले. ओळखीचे होते, पूर्वी पाहुण्यांची जेवणं माझ्याकडूनच नेत. म्हणाले, "मावशी, दसऱ्याला वीस डबे पाहिजेत, मागच्या गेटला. साफसफाईची माणसं येणारेत. पुढच्या गेटवर बोलू नका, उगीच गर्दी होते." आणि उठता उठता, "कंपनी पुन्हा चालू झाली की कँटीन तुम्हालाच."

माझी चूल तेव्हा अर्धी थंड पडली होती. खोल्या रिकाम्या होत होत्या, पोरं गावाकडं जात होती. पन्नास ताटांची सवय असलेल्या हाताला दहा ताटं वाढताना कसंतरीच व्हायचं. वीस डबे ऐकल्यावर मला पीठ दिसलं, कढई दिसली, कँटीनमधली ती लांबलचक टेबलं दिसली. बंद कंपनीची साफसफाई करायला वीस माणसं, तीही सणाच्या दिवशी, आणि त्यांना गोडाचं जेवण? हा प्रश्न माझ्या मनात आला होता. मी त्याला बाजूला बसवलं आणि चक्का टांगायला घेतला.

आदल्या दिवशी संध्याकाळी तो चहाला आला. खंडेनवमी होती. वॉचमनच्या हातापाया पडून त्यानं आत जाऊन मशीनला आणि डायांना हार घातले होते, त्यामुळं खुशीत होता. परातीतलं पीठ बघून म्हणाला, "आक्का, उद्या काय बेत? एवढी माणसं कोण?"

"नातीचा साखरपुडा हाय," मी म्हटलं.

इतकं सहज तोंडातून गेलं. माझी नात तेव्हा आठवीत होती, बारामतीला. पण त्यानं तिला कधी पाहिलंच नव्हतं. "अरे वा! अन् आज सांगताय?" म्हणाला. "मला यायला जमायचं न्हाई हां. उद्या गेटवर मी एकटाच हाय. पोरं सणाला घरी चाललीत."

दसऱ्याला वीस डबे टेम्पोतून मागच्या गेटला पोचवले. तिथं आत मोठी क्रेन उभी होती, एमआयडीसीत तिला हायड्रा म्हणतात. झाडायला हायड्रा कशाला लागतो? मी डबे उतरवले आणि खाली बघत परत आले. मग काय वाटलं कोण जाणे, एकविसावा डबा भरला, श्रीखंड जरा जास्तच घातलं, आणि पायी पुढच्या गेटला गेले.

तो ताडपत्रीखाली एकटाच बसला होता. दर तासाला कंपाउंडच्या कडेनं एक चक्कर मारायचा त्याचा नेम होता, त्यासाठी उठतच होता. मला बघून जागीच थबकला. "साखरपुडा टाकून आलात?"

"तुम्ही उपाशी असाल म्हणून."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं हो. म्हणाला, "चक्कर मारून येतो, मग बसतो."

"गरम पुऱ्या हायत. आधी खा. चक्कर कुठं पळून चाललीय?"

तो बसला. ताटलीच्या काठावरून अंगठा फिरवला, पास म्हणाला, आणि जेवायला लागला. दोन घास झाले असतील, तेवढ्यात मागच्या बाजूनं तो पीप-पीप आवाज आला. हायड्रा मागं सरकताना येतो तो. त्यानं घास हातातच धरला. "हायड्रा वाजतोय का, आक्का?"

"शेजारच्या कंपनीत असंल."

"सणाला बी काम चालू ठेवलंय व्हय त्यांनी," म्हणाला आणि घास तोंडात घातला. मी आणखी एक पुरी वाढली. मग आणखी एक. त्याच्या मुलीचं विचारलं, बायकोच्या गुडघ्यांचं विचारलं. शेवटी तोच म्हणाला, "आक्का, जा आता, पाहुणे खोळंबले असतील."

मी गेल्यावर त्यानं चक्कर मारली. मागचं गेट सताड उघडं होतं, मातीत टायरांचे खोल चर होते, आणि शेडमध्ये नुसती मशीनं उरली होती, डाय एकही नाही.

दुसऱ्या दिवशी पोरं आली आणि जे व्हायचं ते झालं. ज्यांच्यासाठी ह्यानं इतकी वर्षं सणाच्या पाळ्या केल्या, तीच पोरं माझ्याच खानावळीत बसून बोलली. "चाचा झोपला व्हता." "झोपला कसला, गप बसायचं ठरलं असणार." "आपला सण, त्यानला काय त्याचं!" मी आमटीची बादली हातात घेऊन उभी होते. प्रत्येकाला आमटी वाढली.

तो आला तेव्हा एकानं तोंडावरच विचारलं, "काय चाचा, एवढी माणसं अन् एवढा हायड्रा दिसला न्हाई तुम्हाला?"

"मी जेवत होतो," तो म्हणाला. "चुकलं माझं. जेवायला बसायला नको होतं."

कुणाचं जेवत होतो, कोण घेऊन आलं होतं, कुणी बसवून ठेवलं होतं, काही नाही. पोरं गेल्यावर मला म्हणाला, "एक बघितलं का आक्का, हार त्यांनी तुडवले न्हाईत. काढून एका बाजूला नीट ठेवले होते. माणसं भली असतील."

त्यांच्या पोटात माझं श्रीखंड होतं.

पंधरा दिवसांत मांडव उठला. कंपनी घ्यायला कुणी गिऱ्हाईक येणार म्हणत होते, ते आलंच नाही. मशीनं पुढं भंगारात गेली. कुणी रिक्षा घेतली, एक पोरगा त्याच्या गावी, खुटबावला, बापाच्या हाताखाली शेतीत गेला, पुष्कळांचं मला ठाऊकच नाही. कँटीनचं तर नावच सोडा.

तो दौंडला परत निघाला त्या सकाळी खानावळीत आला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. "साखरपुड्याला यायला जमलं न्हाई. नातीला द्या." उघडलं तर उलथनं. मांडवात बसल्या बसल्या पत्र्याच्या तुकड्यातून कापून, कानशीनं घासून केलेलं. कड अशी, की तान्ह्या पोराच्या हातात द्यावी. मला म्हणाला, "अंगठा फिरवून बघा." मी फिरवला. "पास?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "पास."

तेवढं बोलले.

दीड वर्षानं मी मनाशी पक्कं केलं. उलथनं कापडी पिशवीत घातलं आणि शिरूरहून एसटीनं दौंडला गेले. त्याच्या हातात ते परत ठेवायचं आणि सांगायचं, भाऊ, साखरपुडा नव्हता. मग पोरांनाही, जितकी सापडतील तितक्यांना सांगायचं, चाचा झोपला नव्हता, मी बसवला होता. वाक्यं पाठ केली होती.

रेल्वे कॉलनीच्या पलीकडं घर सापडलं. तो नव्हता. चाकणला ठेकेदाराच्या हाताखाली हेल्पर म्हणून लागला होता, पंधरा दिवसांनी एकदा यायचा. बायकोनं मला हाताला धरून आत बसवलं, दुखऱ्या गुडघ्यांनी उठून चहा टाकला. बोलत राहिली. "इथं यायचा पोरांचा फोन, आता न्हाई येत. त्ये काय बोलत न्हाईत, पर मनाला लागलंय. कवा कवा म्हणतात, त्या दिवशी जेवायला बसायला नको व्हतं. मंग स्वतःच म्हणतात, पर आक्का नातीचा साखरपुडा टाकून आल्या होत्या, न्हाई कसं म्हणायचं?"

मी चहाची बशी तशीच खाली ठेवली. तिला वाटलं उन्हाचं झालं असेल, तिनं पंखा मोठा केला.

"आन् नात कशी हाय? सुखात हाय ना?"

"हाय," मी म्हटलं.

"उलथनं वापरती का ती? त्यांनी इचारलं तर सांगीन."

"वापरती. रोज वापरती."

ती हसली. पिशवी माझ्या मांडीवरच होती. कापडावरून मी अंगठा उलथन्याच्या कडेवर ठेवला आणि फिरवत राहिले, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठंही टोचलं नाही.