जबानी न्हाय, गप्पा

टेपवाल्या बाई प्रश्न विचारायच्या आणि गप्प बसायच्या. समोरचा तोंड उघडेपर्यंत गप्प. त्या शांततेत मला राहवायचं नाही, मीच काहीतरी बोलून टाकायची. त्या मात्र मांडी घालून निवांत. "बोलतील हो, घाई कुणाला आहे?" म्हणायच्या.

दुष्काळात पोरी शाळा का सोडतात, हे आयांच्या तोंडून ऐकायला त्या पुण्याहून माकणीजवळच्या आमच्या गावात आल्या होत्या. मी तिथं नवी मास्तरीण. तेरच्या बौद्धवाड्यातली, घरातली पहिली नोकरी माझीच. ती टिकवायची तर सोसायटीच्या चेअरमनशी वाकडं घेऊन चालत नव्हतं. दुष्काळी कामावर बाया खडी फोडायच्या, तिथला मुकादमही त्यांचाच माणूस.

त्यात कोतवालानं घोळ घातला. मुलाखत हा शब्द त्याच्या तोंडात बसेना, म्हणून त्यानं दवंडी दिली, "सांच्याला शाळंत बायांची जबानी हाय होऽऽ!" झालं! जबानी घेतात ते पोलीस. बाया आल्या त्या पदर दातात धरून, आणि भिंतीला चिकटून बसल्या. "आमी काय बी केलं न्हाय," एवढंच सगळ्या म्हणत होत्या.

बाई हसल्या नाहीत. पुढ्यात बसलेल्या सुंदराबाईला म्हणाल्या, "तुमचं नाव सांगा." ते नाव त्यांनी टेपवर परत ऐकवलं. मग टेप मागं फिरवून त्यावरच स्वतःचं खोकणं भरलं. आता नुसतं खोकणंच वाजलं.

"अगं बया, माजं नाव कुठं गेलं?" सुंदराबाई दचकली.

"पुसलं. तुम्हाला नको असेल ते असंच पुसून टाकीन. ही जबानी नाही, गप्पा आहेत."

मग बाया सुटल्या. एकीचं बोलणं दुसरी उचलायची. सुंदराबाई म्हणाली, "शाळंत पोरांना खायला वाटायची सुकडी चेअरमनच्या म्हशी खात्यात. पोरीला उपाशी बसवू व्हय तितं? त्यापरीस खडीवर नेती, चार घास तरी मिळत्यात." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी दाराकडे बघितलं.

तेवढ्यात दारात चेअरमन!

"काय बोलल्या बाया? लावा की, आमी बी ऐकतो."

टेप वाजली की उद्या मुकादम ह्या सगळ्यांना कामावरून काढणार, आणि घरोघरी चुली बंद. सुंदराबाईनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

बाई उठल्या, आपली सतरंजी पुढं सरकवली. "चेअरमनसाहेब, आधी तुमचं होऊ द्या. गावचे कर्ते तुम्ही." टेप पार मागं फिरवली आणि बटण दाबलं. चेअरमन खुलले. शाळा, सोसायटी, आपले वडील, सगळ्यावर बोलले. बाई आपल्या "हो का? मग हो?" करत राहिल्या, तेव्हा मात्र त्या एकदाही गप्प बसल्या नाहीत. शेवटी टेप लावली, तर सगळीकडे चेअरमनच चेअरमन. स्वतःचा आवाज ऐकून ते खूश होऊन गेले.

सकाळी मी बाईंना एसटीपर्यंत पोचवायला गेले. न राहवून म्हणाले, "बाई, तुमचं काम गेलं की हो सगळं."

"त्या बायांचं राहिलं ना?"

मी टेपची पिशवी घ्यायला गेले तर त्यांची बोटं लटलटत होती. मला खरंच वाटेना.

"तुम्ही भ्यालात, बाई?"

"काल ते दारात दिसल्यापासून," त्या म्हणाल्या. "एसटी येईपर्यंत धरता का माझा हात?"

मी धरला. दोघींचेही हात गार पडले होते.