रुप्याने न लिहिलेलं गाणं

ते गाणं रुप्याने लिहिलं नव्हतं.

मी लिहिलं होतं.

आज त्याला जाऊन एक वर्ष झालं आणि ही दोन वाक्यं मी पहिल्यांदा लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रत्नागिरीत आमचा एक पंक बँड होता. नाव खाजकुयली. जेमतेम वर्षभर टिकला. मी ओरडायचो, आफताब गिटार वाजवायचा आणि ड्रम्सवर रुपेश, म्हणजे आमचा रुप्या. एमआयडीसीतली शिफ्ट संपवून तसाच प्रॅक्टिसला यायचा.

मूळचा मंडणगडकडचा. ड्रम सेट त्याने पहिल्यांदा आमच्याकडेच बघितला. पण शिमग्याला गावच्या पालखीपुढे ढोल लहानपणापासून त्याच्याच गळ्यात. त्यामुळे आमचं प्रत्येक गाणं दुसऱ्या मिनिटाला पालखी नाचवायला लागायचं.

पुण्याचा एक जण म्हणाला, काय ओरिजिनल साऊंड आहे.

रुप्या म्हणाला, "साऊंड कसला, मला दुसरं येतच नाय."

गिग मिळेल तिथे करायचो. अंडरआर्म क्रिकेटच्या फायनलला आमच्या दुसऱ्या गाण्यात कॉमेंट्रीवाल्याने माईक काढून घेतला, कारण रनआऊटचा वाद मिटला नव्हता. भाट्याला एका हॉटेलच्या ओपनिंगला जनरेटर बंद पडला. पडला की पाडला, ते अजून कळलेलं नाही. एका हळदीत नवरीच्या मामाने आम्हाला स्टेजवरून उतरवलं आणि हाताला धरून जेवायला बसवलं. रुप्याने तीनदा मटण घेतलं. "आजचा गिग बेस्ट झाला," म्हणाला.

आता ते गाणं.

रुप्याचे बाबा गावात गाऱ्हाणं घालतात. म्हणजे कुठलंही काम सुरू करण्याआधी नारळ ठेवून सगळ्या गावाच्या वतीने देवाशी बोलायचं, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी म्हणायचं, व्हय महाराजा.

एकदा टेम्पोत रुप्याने बाबांची नक्कल करून दाखवली. फार प्रेमाने केली.

मी त्याचं गाणं केलं. प्रेम तेवढं काढून टाकलं.

'म्हातारा बोलतो, देव झोपतो, नारळ निघतो कुजका.'

रत्नागिरीत गाणं हिट. पोरं बेंबीच्या देठापासून व्हय महाराजा ओरडायची. रुप्याही हसायचा. पण त्याच्या गावच्या सत्यनारायणाच्या पूजेला आमचा कार्यक्रम ठरला, तेव्हा त्याने मला बाजूला घेतलं.

"ह्ये गानं माज्या गावात नाय बोलायचं. बाकी काय पन बोल."

"वेडा आहेस काय? प्रॉमिस," मी म्हणालो.

ठरलेला ऑर्केस्ट्रा ऐनवेळी रद्द झाला होता, म्हणून रुप्याने गळ घालून आम्हाला घुसवलेलं. संध्याकाळचा मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, पहिल्या रांगेत इस्त्रीच्या सदऱ्यात त्याचे बाबा. मुलाचा कार्यक्रम बघायला बसलेले.

तीन गाणी झाली. टाळी नाही. मागून कोणीतरी विचारलं, "भजन येतं काय रं?" अख्खा मांडव हसला.

मला झोंबलं. एवढंच झालं होतं. झोंबलं.

मी ते गाणं सुरू केलं.

पहिल्या ओळीला सगळ्या गावाने सवयीने साथ दिली. व्हय महाराजा. दुसऱ्या ओळीलाही दिली.

तिसऱ्या ओळीत कुजका नारळ आला. त्यावर कोणीच काही म्हणालं नाही.

मी मागे बघितलं. रुप्या मान खाली घालून वाजवत होता. गाणं संपेपर्यंत वाजवत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात बैठक बसली. बाहेरच्या पोराला आपल्या गाऱ्हाण्यातलं एवढं बारीकसारीक कसं ठाऊक, हा प्रश्न होता.

रुप्या उठला. "मी लिवलं. त्याने नुसतं बोललंन."

मी दारातच उभा होतो. हातात केबलचं भेंडोळं. एक पाऊल आत टाकून खरं सांगायचं होतं फक्त. मी केबल गुंडाळत राहिलो.

ठरलं की शिमग्याला ढोल रुप्याकडे द्यायचा नाही. त्याचे बाबा तिथेच बसले होते.

परतताना टेम्पोत मी विचारलं, "गाणं चालू झाल्यावर तू थांबला का नाहीस?"

"थांबलो असतो तर तू एकटा पडला असतास."

बँड महिन्याभरात बंद पडला. मी नोकरीसाठी पुण्याला आलो. पुढचे दोन शिमगे रुप्या गावी गेला आणि गर्दीत उभा राहिला. एकदा मला पालखीचा व्हिडिओ पाठवला, त्यात ढोल दुसऱ्याच्या गळ्यात. खाली लिहिलेलं, "ताल चुकतोय."

मी हसणारा इमोजी पाठवला.

मागच्या वर्षी त्याने ताप अंगावर काढला. ॲडमिट झाल्याचं आफताबने कळवलं, तेव्हा मी म्हणालो, पुढच्या रविवारी येतो. पुढचा रविवार त्याला मिळाला नाही.

काल मी त्याच्या बाबांना फोन केला. सगळं सांगितलं. प्रॉमिससकट, केबलसकट.



"मी माज्या पोराशी दोन वर्सं धड बोललो नाय," ते म्हणाले.

मी म्हणालो, मला माफ करा.

"ह्ये मला सांगून काय उपेग? शिमग्याला ये. पालखी बसल, गाव जमल, तवा सगल्यांसमोर सांग. गाऱ्हानं मी घालतो."

जाणार आहे. घाबरलोय, पण जाणार आहे. माईक नसेल. गाव व्हय महाराजा म्हणेल की गप्प राहील, माहीत नाही.

आज त्याच्या फोटोखाली सगळे भावपूर्ण श्रद्धांजली लिहितायत. मला अजून तो हक्क नाही. शिमग्यानंतर लिहीन.

रुप्या, ह्या वेळी साथ देऊ नकोस.

पडू दे मला एकटा.