बंडूजींची थांबलेली यादी

हिंगणघाटच्या आमच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, बंडूजी हजेरीबाबू होते आणि मी काट्यावर, कापसाच्या गाड्या तोलायला. माणूस तसा काटेकोर, पण एका बाबतीत पक्का चुकार. हंगाम सुरू झाला की कामगार बायांची यादी पंधरा दिवसांत पीएफच्या ऑफिसात जायला हवी. बंडूजींची कधीच वेळेत गेली नाही.

कारण मला ठाऊक होतं. काही बाया स्वतःच्या वावरातली वेचणी आटोपूनच कामावर येत, आणि पहिल्या यादीत नाव नसलं तर तो हंगाम पेन्शनसाठी धरला जात नसे. म्हणून शेवटची बाई येईपर्यंत यादी बंडूजींच्या खणात. सगळ्यात शेवटची असायची कारंज्याकडची मनकर्णाबाई. ती फाटकातून आत आली की बंडूजी पेनाचं टोपण काढत. मग नागपूरला जाऊन साहेबाची बोलणी खात आणि येताना आमच्यासाठी संत्री आणत. ते दिवस आठवले की अजून माझ्या नाकात सरकीचा वास येतो.

पुढे सगळं कॉम्प्युटरवर गेलं, आणि यादी वेळेत चढवली असली तर राहिलेलं नाव हंगाम संपायच्या आत मागून जोडता येऊ लागलं. शेवटच्या हंगामात मनकर्णाबाई लेकीच्या बाळंतपणात अडकली, महिनाभर उशिरा आली. बंडूजी जुन्या सवयीने थांबले. ती आल्यावर यादी चढवायला जिनाच्या मालकाकडे, शेठकडे दिली, तर शेठ जिन विकायच्या गडबडीत. 'आज चढवतो, उद्या चढवतो' करत हंगाम सरला. पगारातून पीएफ कापला गेला, यादी मात्र गेली नाही. मग जिनाला कुलूप लागलं.

पेन्शनला दहा हंगाम लागतात. मनकर्णाबाईचे नऊ झाले होते, हा दहावा.

बंडूजी आठ महिने शेठला फोन करत होते. शेठ कधी लग्नात, कधी मीटिंगमध्ये. मी म्हटलं, "बंडूजी, सोडा आता." तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

शेवटी गेल्या महिन्यात शेठच्या पोराने यादी चढवली. फाटकावरच्या पहिल्या पंधरा दिवसांच्या नोंदीवरून केलेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमच्या जिनाची यादी अगदी नियमाप्रमाणे होती, आणि मनकर्णाबाई तिच्यात नव्हती. पोरगा म्हणाला, "काका, आता काही बदलत नाही." त्याच्या कानाखाली एक वाजवावीशी वाटली मला.

मनकर्णाबाईला सांगायला आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. तिने चहा दिला. बंडूजींनी कप खाली ठेवून तिला सगळं सांगितलं.

"चूक माही हाये," ते म्हणाले. "वाट पाह्यत बसलो नसतो, बाकीच्यायची यादी आधी देल्ली असती, तं तुमचं नाव मागून जोडता आलं असतं."

"कायची चूक जी? मी दरसाल उशिराच येत होती. तुमी थांबले नसते तं ते नऊबी नसते."

"नऊचा काय फायदा, बाई? नवावर पेन्शन नाई भेटत."

"नाई भेटत," मनकर्णाबाई म्हणाली. "पन माह्या सासरी कोनी माह्यासाठी जेवाले सुद्धा थांबलं नाई. तुमी दहा साल पूऱ्या जिनाची यादी थांबवली."